नव्या विषाणूची चाचणी आणि जुनं सीरम

नवा विषाणू किती पसरलाय हे अँटिबॉडी (लागणीनंतर रक्तात बनणारी प्रतिपिंडं) शोधणाऱ्या चाचणीनं कसं मोजायचं, असा आजचा विषय आहे. तिकडे येतोच. त्याआधी मला फ्रीजरबद्दल बोलायचंय. विषाणू येण्यापूर्वी काढून फ्रीजरमध्ये ठेवलेलं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा काढलेला द्रव, हाताशी नसेल, तर चाचणी किती खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

एलायझाची, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या चाचणीची, कृती बऱ्याच जणांना पाठ असेल, म्हणून भराभर सांगतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये विषाणूचं प्रथिन, मिलिलिटरला साधारण २ मायक्रोग्रॅम या प्रमाणात, रात्रभर ४ अंशांवर ठेवायचं. सकाळी धुवून उरलेली मोकळी जागा ३ टक्के स्किम्ड दुधानं बुजवायची. मग ५६ अंशांवर तापवून घेतलेलं सीरम १:१०० विरळ करून घालायचं. त्यानंतर माणसाच्या आयजीजीला (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीला) चिकटणारी, एंझाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी आणि शेवटी टीएमबी, म्हणजे त्या एंझाइममुळे रंग धरणारं रसायन. रंग निळा येतो, आम्ल टाकलं की पिवळा होतो, तो ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. बिघडतं ते बहुधा धुण्यात. दुसरी अँटिबॉडी जराशी मागे राहिली की कोरं सीरमही पॉझिटिव्ह दिसायला लागतं. कडेच्या खळग्यांत बाष्पीभवन जास्त, म्हणून कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, सगळे कडेला मांडू नका.

आता हा पिवळा किती गडद झाला म्हणजे पॉझिटिव्ह म्हणायचं? रूढ पद्धत अशी, की निगेटिव्ह सीरमची सरासरी काढायची आणि तिच्यात तीन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) मिळवायची; ही पॉझिटिव्हची सीमारेषा. पण निगेटिव्ह कुणाचं? धडधाकट तरुण रक्तदात्यांचंच घेतलंत, तर रेषा खाली बसते. कोविडचा विषाणू सार्स-कोव्ह-२ येण्याआधीच २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१ हे सर्दीचे चार कोरोना विषाणू माणसांत फिरत होते. त्यांच्या अँटिबॉडी बहुतेक प्रौढांच्या रक्तात असतात, आणि त्या नव्या विषाणूच्या प्रथिनालाही चिकटू शकतात. विषाणूच्या आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन या कुळात बऱ्यापैकी मिळतंजुळतं, बाहेरच्या स्पाइक प्रथिनाचा पेशीवरच्या रिसेप्टरला बिलगणारा तुकडा त्यामानानं वेगळा. म्हणून जुन्या साठ्यात सर्दीतून नुकते उठलेले, मलेरिया झालेले, गर्भवती, संधिवाताचे, सगळे हवेत. साठाही लहान लहान नळ्यांत, उणे ८० अंशांवर. एकच मोठी नळी दहादा वितळवली, की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि संख्या? शंभर जुने नमुने तपासले, एकही चुकला नाही, म्हणून चाचणी निर्दोष म्हणायची का? तीन भागिले नमुने, हा सोपा नियम लावा: चुकीचे पॉझिटिव्ह ३ टक्क्यांपर्यंत असू शकतात. २०२० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत ३,३३० जण तपासले, ५० पॉझिटिव्ह आले, म्हणजे १.५ टक्के. चाचणी पारखली होती ४०१ निगेटिव्ह नमुन्यांवर, त्यांत २ चुकले. एवढ्याशा नमुन्यावरून खरा चुकीचा दर दीड टक्काही असू शकतो, मग त्या पन्नासांतले खरे किती? फ्रीजरची कळकळ आहे ती यासाठी.

पाच मिनिटंच उरलीत, अशी चिठ्ठी आलीये. कबूल केलेली मोजणी घाईत सांगतो. दहा हजार माणसं, खरी लागण १ टक्का, म्हणजे १००. संवेदनशीलता (लागण झालेल्यांतले किती पकडले जातात) ९० टक्के, तर त्यांतले ९० सापडतात. विशिष्टता (लागण नसलेल्यांतले किती निगेटिव्ह येतात) ९८ टक्के, तर उरलेल्या ९,९०० पैकी १९८ फुकट पॉझिटिव्ह. एकूण २८८, म्हणजे २.८८ टक्के, जवळपास तिप्पट. दुरुस्ती अशी: दिसलेलं प्रमाण अधिक विशिष्टता वजा १, भागिले संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १. ०.००८८ भागिले ०.८८, परत १ टक्का. यातली संवेदनशीलता इस्पितळातल्या गंभीर रुग्णांवरून घेऊ नका. सौम्य आजारात अँटिबॉडी कमी बनतात, काही महिन्यांत उतरतातही. लागणीनंतर दोन आठवड्यांच्या आत घेतलेलं रक्तही फसवतं. स्पाइकवर बेतलेली लस आली, की लागण ओळखायला न्यूक्लिओकॅप्सिडकडे वळावं लागतं, आणि तेव्हा जुन्या नळ्या पुन्हा बाहेर काढून रेषा नव्यानं आखावी लागते.