मागच्या खोलीतलं वायफाय

श्रोतेहो, नमस्कार.

फायबरचा डबा दाराशी आणि मागच्या खोलीत मोबाइलवर वायफायची जेमतेम एक रेघ. मध्ये तीन भिंती. मेशचा, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा, महागडा संच घेण्याआधी माळ्यावरचा जुना राउटर खाली काढा.

तो रीसेट करून लॅपटॉपला वायरनं जोडा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह करा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. पुन्हा सांगतो, डीएचसीपी बंद! नाहीतर दोघंही पत्ते वाटत सुटतात. वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट मात्र नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखा, चॅनल वेगळा: एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. केबल मुख्य राउटरच्या लॅनमधून, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या भोकातून, जुन्याच्या लॅनमध्ये. लॅन ते लॅन. वॅनचं, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घ्यायचं, भोक रिकामं. जुन्यात ॲक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय पुरवायची सोय) असेल, तर तोच निवडा, यातलं बरंचसं आपोआप होतं.

आता हा ठेवायचा कुठं? मायक्रोवेव्हशेजारी नको. का, ते ऐका.

ऑस्ट्रेलियात पार्क्सला ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. १९९८पासून तिच्या नोंदींत मधूनच क्षणभराचा एक झटका उमटे. दिसायला थेट दूरच्या आकाशातल्या रेडिओ स्फोटासारखा! पण दुर्बीण तेव्हा एका वेळी आकाशाचे तेरा तुकडे ऐकायची आणि हा झटका तेराही ठिकाणी एकदम यायचा. म्हणजे उगम जवळचाच. शिवाय यायचा बहुतेक कामाच्या वेळेत. नाव पडलं पेरिटॉन. पुढं तिथं व्यत्यय टिपणारं यंत्र बसवलं. जानेवारी २०१५मध्ये तीन पेरिटॉन आले आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रावर २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट. संशय गेला आवारातल्या मायक्रोवेव्हवर. तो नुसता चालवून पाहिला, तर काहीच नाही! मग कळलं, वेळ संपायच्या आत कुणी दार उघडलं, की बंद होता होता आतला लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन १.४ गिगाहर्ट्झलाही, म्हणजे दुर्बीण ऐकायची तिथंच, एक झटका देतो आणि तो उघड्या दारातून बाहेर पडतो. एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी हे त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. चहा गरम करणाऱ्यांना दम कुठला!

घरचा मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, वायफायचा जुना पट्टा तिथंच. दार बंद असलं तरी थोडी गळती होतेच. म्हणून दुसरा राउटर जिथं वापर तिथंच, उंचावर ठेवा आणि जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झ द्या. भिंत आली की मात्र ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतं.

बिल्डर मंडळी खोलीखोलीत टीव्हीचा पॉइंट देतात. नेटवर्कसाठी एक रिकामा पाइप टाकायला मात्र त्यांचा हात आखडतो.

केबल कॅट सिक्स, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. शंभर मीटरपर्यंत चालते. विजेच्या वायरच्या पाइपमधून ओढू नका. एवढं करूनही फोन लांबच्याच राउटरला चिकटून राहिला, तर मुख्य राउटरची २.४ची ट्रान्समिट पॉवर एक पायरी खाली आणा.