चिऊताईच्या बाळाचं अंगडं-टोपडं

नमस्कार श्रोतेहो.

थंडी सुरू झाली की नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात आणि घरोघरी माळ्यावरच्या पिशव्यांमधून सुया नि लोकरीचे गुंडे खाली येतात. बाळंतविड्याचे स्वेटर, टोपडी, मोजे हातानं विणणाऱ्या बायका आपल्या शहरात आजही पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातलीच एक. मी विणकामाचे नवे नमुने रचते, ते कागदावर उतरवते, विणून त्यांचे फोटो काढते. हे नमुने लहान मुलांच्या जुन्या गोष्टींवरून केलेले असतात. आज त्याच कामाबद्दल तुमच्याशी बोलणार आहे.

गोष्टीवरून स्वेटर म्हटलं की छातीवर मोठा वाघ नाहीतर ससा काढलेला स्वेटर आपल्या डोळ्यांपुढे येतो. मुलांना तो आवडतोही. पण तो वाघ कुठल्याच गोष्टीतला नसतो, नुसता वाघ असतो. मी नमुना करायला बसते तेव्हा आधी गोष्ट मोठ्यानं वाचते, किंवा एखाद्या आजीकडून ऐकते, आणि मूल तिच्यातल्या कशाला धरून बसतं ते बघते. नमुना तिथून निघाला पाहिजे.

आपली चिऊताईचीच गोष्ट घ्या. बाहेर पाऊस, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं, तो दार वाजवतोय. आतून चिऊताई म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. थांब, अंगडं-टोपडं घालू दे. प्रत्येक घरी हा क्रम थोडा वेगळा असतो, पण मुलाचा जीव त्या ‘थांब’मध्ये असतो. आणि बघा, विणायचा कपडा गोष्टीनंच सांगून ठेवलाय! मग मी चिमणीचं चित्र कशाला काढू? मी अंगडं-टोपडंच विणते. रंग मेणाचा, म्हणजे पिवळसर पांढरा. खालचा काठ शेणाच्या घराचा, तपकिरी. अंगभर तिरका पाऊस. तो विणायला सोपा आहे : सुईवर एक दोरा घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे एक छिद्र पडतं. दर सुलट ओळीला हे छिद्र एक टाका बाजूला सरकवत गेलं की जाळीच्या तिरक्या सरी उतरतात. बाळाच्या अंगाला हवाही लागते.

भोपळ्यातल्या म्हातारीचं टोपरं त्याहून सोपं. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, असं वाघाला सांगणारी ती म्हातारी टोपरं घातलेल्या मुलाच्या डोक्यात असतेच, तिला बाहेर काढायचं कारण नाही. बाहेर फक्त भोपळा. हातात सुया असतील तर ऐका. दुहेरी लोकरीचे ९६ टाके गोल सुयांवर घाला. काठ झाला की ११ सुलट, १ उलट असं विणत जा. त्या एका उलट टाक्यानं खोलगट रेघ पडते आणि भोपळ्याच्या ८ फाका तयार होतात. उंची पुरेशी झाली की एका फेरीत प्रत्येक फाकेत एक टाका कमी करायचा, पुढची फेरी साधी. कमी करण्याच्या ११ फेऱ्या झाल्या की ८ टाके उरतात. त्यांतून हिरवा दोरा ओवून आवळा आणि वर देठ विणा. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला हे टोपरं बसतं.

आता जरा लांबची, आणि तरी आपल्या अगदी दाराशी असलेली गोष्ट. रुडयार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं. किपलिंग मुंबईत जन्मलेला, पण हे पुस्तक त्यानं अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिहिलं. मोगलीची गोष्ट मात्र सुरू होते सिवनीच्या डोंगरांत. सिवनी म्हणजे आपल्याहून जबलपूरच्या रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्या पुस्तकातली वैनगंगा हीच, आपल्या भंडाऱ्याची. नागपूरच्या मुलाला ही गोष्ट सांगताना साग, तेंदू, मोह, पळस ही झाडं नावानिशी सांगावीत असं मला फार वाटतं, कारण ती त्यानं रामटेकला जाताना पाहिलेली असतात.

या गोष्टीत अडचण अशी की मोगलीच्या अंगावर कपडाच नाही. मग विणायचं काय? मी पुन्हा पहिलं प्रकरण वाचलं. लांडग्यांच्या गुहेत उघडं बाळ पिल्लांच्या मधे शिरून लांडगिणीच्या कुशीत जातं. तेवढ्यात शेरखान येतो, पण गुहेचं तोंड अरुंद, त्याचं डोकं आणि खांदे तिथंच अडकतात. आत ऊब आणि बाहेर वाघ! मी बाळाचं पांघरूण केलं. मधला भाग मऊ राखाडी, बाजूनं रुंद गडद काठ, म्हणजे गुहेचं तोंड. या काठाचं विणकामातही काम आहे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेला तुकडा कडेला गुंडाळत जातो. काठाच्या सगळ्या ओळी सुलट विणल्या की तो सपाट राहतो. एका कोपऱ्यात बैल आहे, कारण बगीरानं मोगलीला कळपात घेण्याची किंमत म्हणून एक बैल दिला होता. दुसऱ्या कोपऱ्यात लाल फूल, म्हणजे जनावरं विस्तवाला ज्या नावानं ओळखतात ते. त्याचा लाल रंग मी पळसाच्या फुलावरून घेतला, केशरीकडे झुकणारा.

चित्र टाक्यांत उतरवताना एक हिशेब पक्का लागतो. शाळेच्या चौकटीच्या वहीतला चौकोन सारख्या बाजूंचा असतो, विणीतला टाका मात्र उंचीपेक्षा रुंद असतो. समजा १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसतात. तुम्ही ३० चौकोन रुंद आणि ३० चौकोन उंच बैल काढलात तर विणल्यावर तो साडेतेरा सेंटिमीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच होईल. चेपलेला बैल! तेवढ्याच रुंदीला ४१ ओळी धरल्या तर आकार जमतो. म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणावा, धुवावा, वाळल्यावर मोजावा आणि मगच कागदाला हात लावावा. मी हे ठासून सांगते, कारण माझ्या कागदावर भरवसा ठेवून कुणीतरी महिनाभर विणणार असतं.

आपल्याकडे लोकरीचे कपडे वापरायचे ते जेमतेम दोन-अडीच महिने. त्यामुळे मी हल्ली सुती धाग्याकडे वळले आहे. कापसाच्या मुलखात राहून ते शोभतंही. पण दोन रंगांची वीण केली की मागून दोरे ओढले जातात, कपडा जाड होतो, आणि सुताला लोकरीसारखा ताण नसल्यानं त्यातला ढिलेपणा लपत नाही. म्हणून बैल मी रंगानं न काढता सुलट जमिनीवर उलट टाक्यांनी काढते. एकाच रंगात. हात फिरवला की बोटांना लागतो.

आणि इथंच फोटोचा प्रश्न येतो. असा बैल दिसतो तो केवळ सावलीमुळे. समोरून फ्लॅश टाकला की तो नाहीसा होतो, दुपारच्या उन्हात सगळं पांढरंफटक पडतं. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून आडवा उजेड आला की एकेक टाका उभा राहतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की सावल्या फार काळ्या होत नाहीत. लाल रंग मोबाइलमध्ये भडकतो, टाके एकमेकांत मिसळतात. तिथं पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा.

गोष्टीची जागाही मी शोधते. भोपळ्याच्या टोपऱ्यासाठी कॉटन मार्केटमधल्या कोहळ्यांच्या ढिगासारखी जागा नाही. व्याघ्रप्रकल्पात गाडीतून उतरता येत नाही, तेव्हा पांघरुणासाठी बाहेरच्या रस्त्याकडेचा सागाचा पाचोळा पुरतो. मुलाला ‘इकडे बघ, हस’ असं मी म्हणू देत नाही. त्याची आजी किंवा आई शेजारी बसून तीच गोष्ट सांगते आणि ‘टुणूक टुणूक’ आलं की मूल आपोआप उडी मारतं. तो फोटो पहिल्या पानावर. आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय तो कुठंही जात नाही. त्याच्यानंतरचे फोटो विणणारीसाठी : कपडा सपाट पसरून, खांद्याची शिवण, गळा आणि उलटी बाजू, टाके मोजता येतील इतक्या जवळून.

परवानगीचंही सांगते. चिऊताई आणि म्हातारी लोककथेतल्या, त्या सगळ्यांच्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. किपलिंग १९३६ साली गेला, म्हणजे १९९७पासून त्याचा मजकूर भारतात खुला आहे. सिनेमातल्या बगीराचं चित्र मात्र त्या कंपनीचं. ते उचलून विकायचं नाही. अलीकडच्या पुस्तकावरून काही करायचं असेल तर प्रकाशकाला पत्र लिहावं.

नमुना लिहिताना सुईची जाडी मिलिमीटरमध्ये द्या. आपल्या दुकानात जुन्या इंग्रजी पद्धतीचे नंबर चालतात : ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. अमेरिकेतली ८ नंबरची ५ मिलिमीटर भरते. तुमच्या चिऊताईचं टोपडं परदेशातल्या एखाद्या नातीसाठी कुणी विणायला घेतलं, तर तिच्या डोक्याला ते नीट बसायला हवं.

नमस्कार.