रानाला दाखवायचा नैवेद्य

श्रोतेहो, नमस्कार.

दर वर्षी डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो त्या सकाळी, मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाते आणि रानापुढे एक लहानसा विधी एकटीच करते. त्याला पुरोहित नाही, पोथी नाही आणि सूर्याखेरीज कोणी मुहूर्त ठरवलेला नाही. पाश्चात्त्य देशांत आज जे निसर्गपूजक लोक स्वतःला पेगन म्हणवतात, त्यांच्यापैकी पुष्कळजण दोन अयनदिन (सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस), दोन संपातदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते) आणि त्यांच्यामधले चार दिवस असे वर्षाचे आठ सण पाळतात आणि झाडापाशी किंवा झऱ्यापाशी दूध, मध, पाव अर्पण करतात. त्यांच्याविषयी प्रथम वाचले तेव्हा मला देवगडकडची माझी आजी आठवली. राखणदाराचे, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचे, पान वाढून झाल्याशिवाय ती घरातल्या कोणालाही जेवायला बसू देत नसे. पेगन या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही आधी 'खेड्यातला माणूस' असाच होता, हे कळल्यावर तर ते लोक मला फार दूरचे वाटेनात.

आज मी या विधीच्या आदल्या दिवसाविषयी बोलणार आहे, कारण चूक होते ती तयारीतच. माझी पहिल्या वर्षी झाली. मी बुंदीचे लाडू द्रोणात घालून एका झाडाखाली ठेवले, हात जोडले आणि पुढे गेले. अर्ध्या तासाने त्याच वाटेने परतले तेव्हा तिथे माकडांची टोळी जमलेली होती, लाडू संपले होते आणि एक पिल्लू द्रोणाच्या आतले प्लास्टिकचे अस्तर चावत बसले होते. मला ते त्याच्याकडून काढून घेता आले नाही. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागलेले माकड पुढे पिशव्या ओढते, अंगावर येते, आणि शेवटी शिक्षा त्यालाच होते; त्या सवयीत मी माझ्या भक्तीने भर घातली होती.

त्यानंतर बरेच दिवस मी एका साध्या शब्दाचा विचार करत होते. आपण मराठीत नैवेद्य 'दाखवतो'. तो टाकत नाही, सोडून येत नाही. पानाभोवती पाणी फिरवतो, क्षणभर डोळे मिटतो आणि मग तेच अन्न प्रसाद म्हणून आपण खातो. रानासाठीही हीच रीत पुरेशी आहे, असे मी ठरवले, आणि तेव्हापासून घरून नेलेले सर्व अन्न मी घरी परत आणते.

तरीही ते अन्न मी मन लावून करते. नाचणीची एक भाकरी, गुळाचा खडा आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा, एवढेच. पान मात्र निरखून घेते, कारण बाजारातल्या कित्येक पत्रावळी वरून पानांच्या दिसतात आणि आतून प्लास्टिक लावलेल्या असतात. पळसाची पाने बारीक काड्यांनी टाचलेली खरी पत्रावळ हातात घेताच ओळखू येते. दादरच्या फूलबाजारात गजरा किंवा हार न घेता मी सुटी शेवंती मागते, म्हणजे दोरा नको आणि जरीही नको. रांगोळी तांदळाच्या पिठाची काढते, पण ती घराच्या उंबऱ्यावर. शेंदूर पूर्णपणे वर्ज्य केला आहे, कारण खरा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड असते आणि दगडाला लावलेला शेंदूर पावसाबरोबर ओढ्यात उतरतो. दिवा आणि उदबत्तीही घरीच लावते. डिसेंबरात वाळलेल्या पानांचा थर पडू लागलेला असतो आणि तिथे एक ठिणगीही नको.

फांदीला धागा किंवा फडके बांधण्याविषयी मला पुष्कळजण विचारतात. स्कॉटलंडच्या उत्तर भागात मनलॉकी गावाजवळ एक झरा आहे. तिथे आजाऱ्याच्या अंगावरच्या कापडाची चिंधी पाण्यात भिजवून झाडाला बांधण्याची जुनी चाल आहे, आणि समजूत अशी की चिंधी जसजशी कुजते तसतसा आजार सरतो. ती समजूत सुती आणि लोकरी कापडाच्या काळातली आहे. आज तिथे न कुजणारी कृत्रिम कापडेही लटकत असतात. मग त्या समजुतीप्रमाणे आजारही तिथेच लटकत राहणार. आपल्याकडच्या नायलॉनच्या रंगीत दोऱ्यांचेही तेच आहे, शिवाय ते वाढत्या फांदीला काचतात.

मग रानात मागे ठेवायचे ते काय? पाणी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन तलाव या उद्यानाच्या रानातच आहेत. या शहराला नळाचे पहिले पाणी १८६० मध्ये विहारनेच दिले आणि तुळशीचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्याभोवती रान उभे आहे म्हणून डोंगरउतारावरची माती तलावात वाहून येत नाही. माझ्या नळाला येणारा प्रत्येक थेंब तिथला नसेल, पण या शहराच्या नळांची सुरुवात तिथून झाली आहे, आणि तांब्याभर पाणी परत नेणे मला कोणत्याही मिठाईपेक्षा योग्य वाटते. आदल्या संध्याकाळी मी घासलेल्या तांब्यात पाणी भरून ते रात्रभर उघडे ठेवते, म्हणजे क्लोरीनचा वास बराच उतरतो. ते पाणी भरताना मी बोलत नाही. हा नियम माझा मीच केलेला आहे, पण त्या चार मिनिटांत सबंध वर्ष डोळ्यांपुढून जाते.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. या रानात आणि शेजारच्या आरेमध्ये वारली समाजाचे पाडे आहेत, आणि तिथे वाघोबाची ठाणी आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. ती ज्यांची आहे त्यांचीच आहे. कोणी बोलावले तर जावे, बसावे, दिलेले खावे. पण त्यांच्या ठाण्यावर जाऊन आपला विधी मांडू नये आणि त्यांची गाणी किंवा चित्रांतले चौक उचलून आपल्या पूजेत घालू नयेत. आपल्या आजीकडून आलेले शब्द आपल्याला पुरतात. मी मालवणीत गाऱ्हाणे घालते आणि शेवटी 'होय महाराजा' हे उत्तरही मलाच द्यावे लागते.

सकाळी सातनंतर सूर्य वर येतो. उद्यानाच्या पायवाटेवरून न उतरता, कडेच्या एखाद्या सपाट दगडावर मी पत्रावळ मांडते, तांब्यातले थोडे पाणी पानाभोवती फिरवते आणि उरलेले जवळच्या झाडाच्या मुळाशी ओतते. मग भाकरी, फुले, पत्रावळ, सगळे पुन्हा पिशवीत. दुपारपर्यंत भाकरी कडक झालेली असते. घरातले आम्ही चौघे ती गुळाबरोबर वाटून खातो, आणि पत्रावळ व शेवंती गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली जातात.