पारा तोच, दुपार वेगळी

(दृश्य: दोन मोबाइलचे पडदे शेजारी शेजारी. दोन्हींवर 34 अंश.)

दोन ठिकाणं, वेळ दुपारची. हवामानाच्या पानावर दोन्हीकडे एकच आकडा: 34 अंश सेल्सिअस. पहिल्या ठिकाणी माणूस सावलीला टेकला की त्याला हायसं वाटतं. दुसऱ्या ठिकाणी सावलीतही शर्ट पाठीला चिकटतो, घाम पुसावा तेवढा पुन्हा येतो आणि जीव नुसता कासावीस होतो. पाऱ्याला फक्त हवा किती तापली ते कळतं. तिच्यात पाणी किती आहे, हे त्याच्या गावीही नसतं. पहिल्या ठिकाणी सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकेल त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते, 30 टक्के आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 75.

हवेतलं हे पाणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वाफ. तिचं प्रमाण किती? फार तर 4 टक्क्यांच्या आसपास, आणि ध्रुवांकडे तर जवळजवळ शून्य. जगभरच्या हवेतली सगळी वाफ एकदम पाणी होऊन खाली उतरली, तर जमिनीवर आणि समुद्रावर सरासरी 25 मिलिमीटरचा थर साचेल, बोटाच्या एका पेराएवढा. एवढ्याशा भांडवलावर पाऊस, धुकं, दव, वादळं आणि आपला उकाडा असा सगळा कारभार चालतो.

(दृश्य: कपाळाची त्वचा, अगदी जवळून. घामाचा एक थेंब फुगत जातो.)

नुसतं बसून राहिलं तरी माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करत असतं. आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास ठेवायचं, तर ती बाहेर टाकावीच लागते. हवा त्वचेपेक्षा थंड असली की ती आपसूक बाहेर जाते. पण त्वचेचं तापमान 35 अंशांच्या जवळपास असतं. हवा त्याच्या वर गेली की तीच आपल्याला तापवू लागते, आणि मग सगळी भिस्त घामावर.

घाम आल्यानं अंग गार होत नाही, तो वाळल्यानं होतं. त्वचेवरून 1 लिटर घामाची वाफ झाली तर ती सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता सोबत घेऊन जाते. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाची सगळी उष्णता बाहेर टाकायला तासाला 150 मिलिलिटर घाम पुरेसा आहे, मात्र तो सगळाच्या सगळा वाळला पाहिजे. जो थेंब हनुवटीवरून टपकन खाली पडला, तो वाया गेला. शरीरातलं पाणी गेलं, मीठही गेलं, आणि उष्णता होती तिथेच राहिली. दमट हवेत नेमकं हेच होतं. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळायला तयार होत नाही.

(दृश्य: झडपांची पांढरी लाकडी पेटी. आत दोन तापमापक, एकाच्या फुग्याला ओलं मलमल.)

ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावानं ओळखली जाते. मूळचा हा माणूस दीपगृहं बांधणारा अभियंता. आतला एक तापमापक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं, आणि मलमलीचं टोक पाण्यात सोडलेलं. मलमलीतलं पाणी वाळतं, फुगा गार होतो आणि दुसरा पारा खाली उतरतो. घामेजलेल्या अंगाचं जे होतं, ते हा ओला फुगा मोजून दाखवतो. आपल्या पहिल्या ठिकाणी तो 21 अंश दाखवेल, दुसऱ्या ठिकाणी 30. रोजच्या अंदाजात हा आकडा क्वचितच का सांगतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

ओला फुगा 35 वर पोहोचला, तर सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पिऊनही धडधाकट माणसाचं शरीर काही तासांत हार मानेल, असं गणित 2010 मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर प्रयोग झाले. दमट हवेत त्यांच्या शरीराचा उष्णतेचा तोल ओला फुगा 31 अंशांच्या आसपास असतानाच सुटू लागला. म्हणजे खरी मर्यादा कागदावरच्या मर्यादेच्या बरीच अलीकडे आहे. वयस्कांची आणि आजाऱ्यांची तर त्याहूनही आधी येते.

(दृश्य: शहरातल्या उंच इमारती. रात्र. उघड्या खिडक्या.)

13 जुलै 1995. शिकागोत पारा 41 अंशांवर गेला. तेवढा तर वाळवंटात कितीतरी दिवस जातो. पण त्या दिवशी शहरावरची हवा ओलीचिंब होती. आजूबाजूला मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतांतली पिकंही तिच्यात वाफ सोडत होती. रात्रीसुद्धा उकाडा उतरला नाही. त्या लाटेत नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त दगावली. त्यांत एकट्यानं राहणारी म्हातारी माणसं बरीच होती.

यातल्या रात्रीच्या गोष्टीपाशी जरा थांबू. दिवसभर तापलेली जमीन रात्री अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता वर सोडते. वाफ ते किरण वाटेतच शोषते आणि त्यांतला काही भाग परत खाली धाडते. वाळवंटात वाफ फारच कमी, म्हणून तिथे दिवसा भाजून निघालेला माणूस रात्री कुडकुडतो. दमट प्रदेशात रात्रीचा दिलासा मिळत नाही, दिवसभर शिणलेल्या हृदयाला उसंत मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकव्यानं होते.

हे उशिरा कळलेलं शहाणपण नाही. अमेरिकेत युनिस फूट यांनी 1856 मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या होत्या. कोरड्या हवेपेक्षा दमट हवा जास्त तापली, आणि कार्बन डायऑक्साइड तिच्याहूनही जास्त. 1859 मध्ये जॉन टिंडल यांनी, कोणता वायू उष्णतेचे किरण किती अडवतो, हे मोजायला सुरुवात केली.

(दृश्य: छापखान्यातलं यंत्र. एकावर एक छापले जाणारे रंग.)

दमटपणाचा जाच वस्तूंनाही होतो. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात कागद हवेतली ओल पिऊन फुगायचा, कोरड्या दिवशी आकसायचा, आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. ही ओल काबूत ठेवायला विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्यानं जे यंत्र आखलं, त्याला आपण आज एसी म्हणतो. पहिला गारवा कागदासाठी होता. माणसांचा नंबर नंतर लागला.

(दृश्य: दुपारचं आभाळ. पांढरा ढग वर वर चढतो.)

आता तीच वाफ आकाशात. ओली हवा जड असेल असं वाटतं, पण ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. तापलेली हवा वर चढते, पसरते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी गार होते. एका उंचीवर वाफेचे थेंब होऊ लागतात. तिथे ढगाचा सपाट तळ दिसतो. थेंब होताना वाफ आपली अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची वाफ होताना पोटात घेतलेली उष्णता, सोडून देते. समुद्रावरून किंवा शेतातून उचललेली ती उष्णता अशी वर मोकळी होते, ढग आतून आणखी तापतो, आणखी चढतो. गडगडाटी ढगांना आणि चक्रीवादळांना बळ मिळतं ते इथून.

एकेका दिवसाचं हे झालं हवामान. अशा किमान 30 वर्षांची सरासरी काढली की हातात येतं ते त्या जागेचं जलवायुमान. आणि त्याच्या बदलातही वाफेचा हात आहे, पण बेतानं समजून घ्यायला हवा. वाफ हवेत सरासरी 9 दिवस टिकते, मग पाऊस होऊन खाली येते. त्यामुळे ती स्वतःहून तापमानवाढ सुरू करत नाही. सुरुवात करतो कार्बन डायऑक्साइड, ज्याचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. त्यानं हवा 1 अंशानं तापली, की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. ती वाफ पुन्हा उष्णता अडवते, आणि मूळची वाढ जवळपास दुप्पट होते. 2024 हे वर्ष 1850 ते 1900 या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे 1.55 अंशांनी गरम होतं. धो धो पाऊस आणखी जोरानं कोसळतो आहे, त्यामागे हेच 7 टक्के आहेत.

(दृश्य: अंदाजाचं पान. बोट खाली सरकतं, ‘दवबिंदू’ या ओळीवर थांबतं.)

सापेक्ष आर्द्रता दिवसभर फसवत राहते. पहाटे 90 टक्के, दुपारी 45, आणि हवेतली वाफ मात्र तेवढीच. फरक पडलेला असतो तो तापमानात. दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, असा दगा देत नाही. तो 16 अंशांच्या आत असेल तर हवा मोकळी वाटते. 21 च्या पुढे अंग चिकचिकतं. 24 ओलांडला की उन्हातली अंगमेहनत पहाटे किंवा संध्याकाळी उरकलेली बरी. वाऱ्यानं दिशा बदलली नाही तर हा आकडा दिवसभरात फारसा हलत नाही, त्यामुळे सकाळी एकदा पाहिला तरी पुरतो.