साहेबांचा बोर्ड आणि दहावी अनुसूची

पत्रिकेवर विषय छापलाय 'पक्षांतरबंदी कायदा : काल, आज आणि उद्या', म्हणजे पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी-खासदारकी घालवणारी घटनेची दहावी अनुसूची. हे नाव माझं नाही, संयोजकांचं आहे, आणि एवढ्या रुक्ष नावाला एवढी मंडळी आलीत म्हणजे एकतर तुम्ही फार सोशिक आहात किंवा शेवटी चहा आहे हे फुटलेलं दिसतंय. काळजी करू नका, कायद्यावर मी येणारच आहे, शेवटची वीस मिनिटं त्यासाठीच राखून ठेवलीत. त्याआधी माझं एक जुनं म्हणणं आहे तेवढं मांडून घेतो, कारण घरी आता कोणी ऐकत नाही.

अमुक आमदारानं पक्ष बदलला असं आपण म्हणतो, ते मला पटत नाही. आमदार एकटा कुठंच जात नाही. त्याच्यामागं एक साखर कारखाना असतो, जिल्हा बँकेतलं संचालकपद असतं, दूध संघ, शिक्षणसंस्था, बाजार समिती, पन्नासेक सोसायट्या आणि त्या प्रत्येकातल्या नोकऱ्या. पक्ष बदलायची गरज ह्या सगळ्या पसाऱ्याला पडते, आमदार फक्त त्यांच्या वतीनं मुंबईला जाऊन गळ्यात उपरणं घालून घेतो. आणि कायदा मात्र एकट्या आमदाराकडं बघत बसलाय. एवढंच माझं म्हणणं. आता उदाहरण.

मी बरीच वर्षं एका तालुक्याच्या गावी बातमीदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, आणि साहेबांचंही नाही. प्रत्येक तालुक्याला एक साहेब असतोच, तुम्ही तुमचा घाला. तर ह्या साहेबांचं संपर्क कार्यालय स्टँडसमोर होतं आणि त्याचा बोर्ड रंगवायला एक पेंटर होता. राजकारणाचा एवढा बारीक अभ्यास असलेला माणूस मी नंतर विद्यापीठातही पाहिला नाही (विद्यापीठातली मंडळी बसलीत समोर, माफ करा, पण नाही पाहिला). १९९० चा बोर्ड त्यानं रंगवला तेव्हा वरती भला मोठा पंजा, त्याखाली इंदिराजी, राजीवजी, मग मुख्यमंत्री, मग जिल्हाध्यक्ष, आणि खाली कोपऱ्यात साहेबांचं नाव, तेही नुसतं नाव, फोटोला जागाच उरली नव्हती.

१९९५ ला काँग्रेसनं तिकीट कापलं. साहेब अपक्ष उभे राहिले, चिन्ह मिळालं कपबशी, आणि निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले होते, निम्मेअधिक काँग्रेसचे रुसलेलेच, आणि युतीकडं सेना ७३ अधिक भाजप ६५ म्हणजे १३८, बहुमताला हवेत १४५, तेव्हा ह्या कपबशीवाल्यांना केवढा भाव आला असेल बघा. पक्षात जायचं नाही बरं का, गेलात तर अपक्षाची आमदारकी जाते, कायदाच आहे तसा. बाहेरून पाठिंबा द्यायचा आणि आतून कामं करून घ्यायची. पेंटरनं नवा बोर्ड केला, कपबशी एवढीशी, आणि साहेबांचा फोटो पहिल्यांदा मधोमध आला.

१९९९ ला शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली, साहेब घड्याळात. बोर्डावर घड्याळ आलं, पण पेंटर मला म्हणाला, "पत्रकार साहेब, ह्या टायमाला चिन्हाला ऑइल पेंट वापरू नको म्हणलेत." मी म्हटलं का रे? तर म्हणे खरवडायला जड जातं.

आता हसू नका, पुढचं ऐका. मग फ्लेक्स आले आणि पेंटरचा धंदा बसला, पण त्याचा पोरगा हुशार, कोरल ड्रॉ शिकला आणि त्याच गाळ्यात डिजिटल प्रिंटिंग सुरू केलं. साहेबांच्या वाढदिवसाची, दिवाळीची, गणपतीची सगळी डिझाइनं एकाच फाइलीत, आणि पक्षाचं चिन्ह वेगळ्या लेअरवर. लेअर बंद केली की साहेब अपक्ष, चालू केली की पक्षाचे. २०१४ च्या लोकसभेनंतर, देशात नुकतं सरकार बदललं होतं, साहेबांच्या पीएनं दिवाळी शुभेच्छांच्या फ्लेक्सची ऑर्डर दिली, चांगली तीन महिने आधी, आणि सांगितलं की चिन्हाची जागा मोकळी ठेव, नंतर सांगतो. पेंटर संध्याकाळी माझ्याकडं आला, चहा घेतला, आणि एवढंच म्हणाला, "साहेब निघाले."

मंडळी, ह्याला बातमी म्हणतात. मुंबईचे मोठमोठे राजकीय संपादक 'विश्वसनीय सूत्रां'च्या मागं फिरत होते आणि माझ्याकडं मोकळ्या जागेचा फ्लेक्स होता. मी बातमी पाठवली. छापली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर वरून सांगितलं, पुष्टी नाही. फ्लेक्सचा फोटो पाठवला. मग सांगितलं, फ्लेक्स म्हणजे पुष्टी नव्हे. खरं कारण असं की गाळप शुभारंभाची पानभर जाहिरात कारखान्याकडून दर वर्षी यायची, ती यायची होती. साहेबांनी प्रवेश केला त्या दिवशी माझीच बातमी मुंबईच्या एका सहकाऱ्याच्या नावानं पहिल्या पानावर, वर 'आमच्या वृत्ताला दुजोरा' असा चौकट मजकूर. कुठलं वृत्त? छापलंच नव्हतं! हे मी प्रत्येक भाषणात सांगतो आणि आमची ही म्हणते आता पुरे करा, पण पुरे होत नाही त्याला काय करणार.

असो. तर साहेब का निघाले? पेपरात आलं की मतदारसंघाच्या विकासासाठी आणि कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर. आता विकासाचं मला माहीत नाही, पण आग्रह खरा होता, मी त्या निर्धार मेळाव्याला होतो. कारखान्याच्या मैदानात मंडप. कारखान्याची अवस्था अशी की मागच्या हंगामातली ऊसबिलं थकलेली. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस कारखान्यावर आला की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असते, इथं चौदा दिवसांचे महिने झाले होते. बँक पूर्वहंगामी कर्ज द्यायला तयार नाही, सरकारची थकहमी आणा म्हणाली, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरेल अशी हमी. थकहमीची फाइल मंत्रालयात. आणि वरून सहकार खात्याची, सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली, कारभाराची चौकशी लागलेली. ८३ नंतर ८८ येतं, म्हणजे नुकसानीची जबाबदारी संचालकांच्या खिशावर, हे इथल्या सहकारवाल्यांना सांगायला नको, काही जणांनी आत्ताच मान खाली घातली.

साहेब माईकवर आले, आवाज भरून आला, म्हणाले मी तुमचा सेवक, मी कुठं जाऊ ते तुम्ही सांगा. मंडपातून आवाज, साहेब जिथं आम्ही तिथं! शिट्ट्या, फटाके. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उभा राहिला, माईक नव्हता पण आवाज खणखणीत, म्हणाला, "साहेब, कुटंबी जावा, पर बॉयलर पेटायच्या आत जावा."

माझ्या हिशोबानं पक्षांतरावरचं एवढं अचूक भाष्य कुठल्या निकालपत्रात नाही. ह्या माणसाला विचारधारेशी देणंघेणं नव्हतं असं म्हणून आपण शहरातले लोक नाक मुरडतो, पण त्याचे पैसे अडकलेत हो, पोरीचं लग्न अडकलंय. मतदार दलबदलूंना धडा का शिकवत नाहीत असं विचारतात. शिकवतात की. २०१९ ला साताऱ्यात उदयनराजे राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपात गेले, पोटनिवडणूक लागली, पवारांचं पावसातलं भाषण झालं आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. पण २०२४ ला त्याच साताऱ्यानं त्याच उदयनराजेंना कमळावर निवडून दिलं. लोकांच्या डोक्यात बोर्डाचा खालचा भाग पक्का असतो, वरचा बदलता.

चौकशीचं म्हणाल तर हर्षवर्धन पाटील एकदा जाहीर कार्यक्रमात हसत हसत बोलून गेले होते, भाजपमध्ये आल्यापासून शांत झोप लागते, चौकशी वगैरे काही नाही. केवढा गदारोळ झाला. हे तेच, १९९५ ला इंदापुरातून अपक्ष, युतीत मंत्री, मग काँग्रेस आघाडीच्या सरकारातही अनेक वर्षं मंत्री, २०१९ ला भाजप आणि २०२४ च्या विधानसभेआधी शरद पवारांची राष्ट्रवादी. मला त्या वाक्याचा राग आला नाही. उलट वाटलं, चला, कोणीतरी प्रवेशाचं कारण विकासापेक्षा जरा नेमकं सांगितलं.

आमच्या साहेबांची फाइल हलली. थकहमी मिळाली, बॉयलर पेटला, मोळी पडली, म्हाताऱ्याचं बिल दोन हप्त्यांत मिळालं. चौकशी? बंद झाली नाही, बंद करत नसतात, सुनावणी पुढे ढकलली. ती अजून पुढेच आहे.

आणि खरी गंमत इथं आहे. पंचवीस वर्षांत चार बोर्ड, पण पक्षांतरबंदी कायदा साहेबांच्या वाटेला एकदाही आला नाही. कारण ते दर वेळी निवडणुकीच्या तोंडावर गेले. राजीनामा द्यायचा, नव्या चिन्हावर उभं राहायचं, कायदेशीर एकदम स्वच्छ. बरं, खालच्या लोकांचं काय? झेडपी, पंचायत समिती, नगरपालिकेच्या सदस्यांना आपल्याकडं १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. साहेबांनी त्यावरही तोड काढलेली, स्थानिक निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढवायचीच नाही, स्वतःची 'विकास आघाडी' नोंदवायची. त्या कायद्यात आघाडीलाही पक्षासारखंच धरतात, त्यामुळं सगळे सदस्य आघाडीशी निष्ठावंत आणि आघाडी साहेबांच्या खिशात. साहेब इकडून तिकडं गेले तरी एकाही सदस्यानं पक्षांतर केलेलं नसतं! वकिलांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. अहो, वीस ठरली होती. बरं, पळत पळत सांगतो.

१९६७. हरियाणाचे गयालाल, पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, 'आयाराम गयाराम' तिथून. त्यावर केंद्रानं समिती नेमली, अध्यक्ष आपले यशवंतराव चव्हाण, तेव्हा गृहमंत्री. समितीनं मोजलं, काही राज्यांत पक्ष सोडलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं. म्हणजे रोग काय हे १९६९ ला लेखी कळलं होतं, औषध आलं १९८५ ला, ५२ वी घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची. आणि त्यातच सवलत ठेवली की एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट, पक्षांतर नव्हे. एकटा गेला तर गुन्हा, टोळीनं गेलात तर तात्त्विक मतभेद. १९९१ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात छगन भुजबळ सेनेतून बाहेर पडले तेव्हा सगळी आकडेमोड हीच होती, ५२ आमदार, एक तृतीयांश म्हणजे १८.

२००३ ला ९१ वी दुरुस्ती झाली, एक तृतीयांश काढून टाकलं, आता दोन तृतीयांश आमदार हवेत आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला. मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे महाराष्ट्रात २८८ ला ४३ मंत्री. हे का घातलं तर उत्तर प्रदेशात १९९७ ला कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले होते, फुटून आलेल्यांना बसवायला. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाही, हेही त्यातच. ह्याला कर्नाटकनं २०१९ ला उत्तर शोधलं, १७ आमदार, बहुतेक राजीनामे देऊन, बाहेर, अपात्र ठरले, कोर्टानं अपात्रता कायम ठेवली पण निवडणूक लढवू दिली, १५ जागांवर पोटनिवडणूक झाली, त्यात भाजपला १२. झालं.

आणि २०२२, आपलं घरचंच. शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदेंबरोबर, विलीनीकरण कुठंच केलं नाही, म्हणाले आम्हीच पक्ष. फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण दिला, मे मध्ये सुप्रीम कोर्टानं अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडं सोपवला, अध्यक्षांनी निर्णय दिला १० जानेवारी २०२४ ला, कोणीच अपात्र नाही. त्याच सुप्रीम कोर्टानं २०२० ला मणिपूरच्या केसमध्ये म्हटलं होतं की साधारण तीन महिन्यांत निकाल लावा, आणि हे काम अध्यक्षांकडून काढून न्यायाधीशांच्या कायम लवादाकडं द्यायचा संसदेनं विचार करावा. संसद विचार करतेय. अध्यक्ष हा बहुमतवाल्यांचाच माणूस, त्याला बहुमत कसं आलं हे तपासायला सांगायचं, हे सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या किहोटो निकालात तीन न्यायाधीश विरुद्ध दोन असं मान्य झालं, मला त्यातल्या दोघांचं पटतं, कारणं सांगायला वेळ नाही.

पुन्हा चिठ्ठी. दोनच मुद्दे. लवाद करा, मुदत घाला, हे सगळेच म्हणतात. माझं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या निवडणुका घ्यायला आपण स्वतंत्र प्राधिकरण केलं ना, मग थकहमी कोणाला द्यायची आणि ८३ ची चौकशी कधी संपवायची हे मंत्र्याच्या सहीवर का? निकष लावा, तारखा लावा, फाइल कुठं आहे ते कारखान्याच्या सभासदाला घरबसल्या दिसू द्या. थकहमी नियमानं मिळणार असेल तर साहेबाला मुंबईला जायचं कारण निम्मं कमी होतं. उरलेलं निम्मं मंत्रिपदाचं, त्यावर माझ्याकडं उपाय नाही, तुमच्याकडं असेल तर प्रश्नोत्तरात सांगा. ते मागच्या रांगेतले गृहस्थ केव्हाचे हात वर करून बसलेत. हां, बोला. फक्त ते साहेब कोण हे सोडून विचारा.