फॅट चान्स: वर्गणीतून परत आलेलं नाव

(काळा पडदा. फक्त फ्रीव्हीलची टिकटिक.)

इंग्रजी बोलण्यात एखाद्याची आशा एका फटक्यात मोडायची असेल, तर 'फॅट चान्स' म्हणतात. शब्दांवर गेलात तर अर्थ होतो भरपूर संधी. बोलणाऱ्याच्या मनात मात्र असतं, "झालंच मग! बस वाट बघत!"

आपल्या सायकलीला असं नाव कोण देईल? ज्याचं आडनावच चान्स आहे आणि ज्याला जाड टायरच्या सायकली बनवायच्या आहेत, तो.

(दृश्य: विटांच्या जुन्या इमारती, अरुंद रस्ते.)

सॉमरव्हिल, मॅसॅच्युसेट्स. बॉस्टनला खेटून असलेलं दाटीवाटीचं शहर. 1982 मध्ये क्रिस चान्स यांनी इथे फॅट सिटी सायकल्स सुरू केली. कंपनीचं नाव फॅट सिटी, सायकलीचं नाव फॅट चान्स. लोकांच्या तोंडी राहिलं ते दुसरं.

माउंटन बाइकची जन्मकथा एरवी कॅलिफोर्नियातच सांगितली जाते. 1976 पासून माउंट टॅमलपाइसच्या परिसरात जुन्या, अवजड सायकली घेऊन उतारावर शर्यती लावणारी टोळी. 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी बनवलेली फ्रेम. मग टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली. 1981 मध्ये आलेली स्पेशलाइझ्डची स्टम्पजम्पर, म्हणजे कारखान्यातून थेट दुकानात पोचलेली माउंटन बाइक. ही कथा खरी आहे, पण ती पश्चिम किनाऱ्याची आहे.

पूर्वेचं रान वेगळं. कॅलिफोर्नियात मोकळे, कोरडे, लांबलचक उतार. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेच्या, जंगलात झाडं एकमेकांना चिकटून, वाटेवर मुळांचं जाळं, शेवाळलेले दगड, आणि वळण संपतं न संपतं तोच पुढचं वळण. तिथे नुसता वेग कामाचा नाही. सायकल चटकन वळली पाहिजे, पॅडल दगडाला घासता कामा नये, आणि मागचं चाक चढावर जमीन सोडता कामा नये. फॅट चान्स या रानात घडली. पूर्व किनाऱ्यावरच्या अगदी सुरुवातीच्या माउंटन बाइक बनवणाऱ्यांत चान्स यांचं नाव येतं ते त्यामुळेच.

(दृश्य: वेल्डिंगच्या ठिणग्या. जिगमध्ये, म्हणजे नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या साच्यात, अडकवलेली फ्रेम.)

आता थोडं लोखंडाविषयी. हा भाग मला टाळता येत नाही.

चांगल्या स्टील फ्रेमची नळी आतून सगळीकडे सारख्या जाडीची नसते. टोकांना, जिथे वेल्डिंगचा ताप आणि ताण दोन्ही येतात, तिथे ती जाड असते, मध्ये पातळ. पातळ म्हणजे किती, तर मिलिमीटरपेक्षाही कमी. या पातळ भागामुळे वजन घटतं आणि फ्रेम किंचित लवते. स्टीलच्या सायकलीवर बसणारे ज्याला 'जिवंतपणा' म्हणतात, तो या लवण्यातून येतो. हा निव्वळ भावनेचा मामला आहे असं म्हणणारेही आहेत. त्यांनी दगडांवरून तासभर सायकल हाणून मग बोलावं.

फॅट सिटीचं सर्वांत गाजलेलं मॉडेल नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर आलं: यो एडी. नेहमीपेक्षा जाड व्यासाच्या नळ्या, आणि पुढे एक विलक्षण फोर्क, म्हणजे पुढचं चाक दोन पायांमध्ये धरणारा भाग. तोवर फोर्कच्या पायांना खाली बाक असायचा, तो जणू नियमच होता. यो एडीच्या फोर्कचे पाय सरळसोट होते. हाताला कडक, पण जिथे रोखाल तिथेच जाणारा. दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमला हा एवढा फोर्क लावून फिरणारेही होते.

आणि रंग! एकातून दुसऱ्यात विरघळत जाणाऱ्या छटा. हिरवा आणि पिवळा यांच्या मधल्या एका रंगाला तर त्यांनी दोन्ही शब्द जोडून 'ग्रेलो' असं नावच दिलं होतं. मराठीत काम सोपं आहे, आपण पोपटी म्हणून मोकळे होतो.

(दृश्य: रिकामी कार्यशाळा. भिंतीवर हत्यारांच्या जागा, हत्यारं नाहीत.)

नव्वदचं दशक छोट्या कार्यशाळांना मानवलं नाही. पुढे सस्पेन्शन आलं, ॲल्युमिनियम आलं, तैवानमधून येणाऱ्या फ्रेम स्वस्तही होत्या आणि चांगल्याही. ज्यांची नावं सायकलींवर होती, ते एकेक करून मोठ्या कंपन्यांच्या छत्राखाली गेले. गॅरी फिशर आणि क्लाइन हे ब्रँड ट्रेक कंपनीकडे, येटी हा ब्रँड श्विन कंपनीकडे.

1994 मध्ये फॅट सिटीही विकली गेली. काम सॉमरव्हिलहून न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ ग्लेन्स फॉल्स इथे, सरोटा या दुसऱ्या सायकल कंपनीच्या जोडीला हलवलं गेलं. कागदावर हे एका ओळीत मावतं. पण सॉमरव्हिलमध्ये वेल्डिंग करणारी, रंग देणारी माणसं सामानासारखी ट्रकमध्ये भरून नेता येत नाहीत. बरेच जण मागे राहिले. त्यांच्यातल्या काहींनी 1995 मध्ये सॉमरव्हिलमध्येच स्वतःची कंपनी काढली: इंडिपेंडंट फॅब्रिकेशन. मालक कोण? तिथे काम करणारेच.

म्हणजे एका ब्रँडचे तीन तुकडे झाले. नाव न्यूयॉर्क राज्यात गेलं. हात सॉमरव्हिलमध्ये राहिले. आणि ज्याच्या आडनावावरून ते नाव पडलं, तो माणूस पुढे या धंद्यातूनच बाहेर पडला. दशक संपता संपता फॅट चान्सच्या सायकली बनायच्या थांबल्या.

जुन्या यो एडी मात्र थांबल्या नाहीत. भिंतीवर टांगलेल्या, तळघरात ठेवलेल्या, काही रोज जंगलात जाणाऱ्या. ज्यांना कॉलेजात असताना ती परवडली नव्हती, त्यांनी चाळिशीत शोधून शोधून विकत घेतली. कंपनी मेली तरी वापरलेल्या सायकलीला भाव मिळत राहतो, तेव्हा कुठेतरी गिऱ्हाईक ताटकळत उभं आहे, एवढं कळतं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एक आडवी पट्टी हळूहळू भरत जाते.)

2015. क्रिस चान्स परत आले आणि किकस्टार्टर या पैसे जमवण्याच्या संकेतस्थळावर लोकांपुढे उभे राहिले. थोडक्यात सांगायचं तर वर्गणी मागायला.

बँकेकडे का नाही? बँकेला तारण लागतं, आणि लोकांच्या आठवणी तारण म्हणून चालत नाहीत. फ्रेम बनवायची तर आधी नळ्यांची ऑर्डर द्यावी लागते, तीही घाऊक. जिग लागतात, रंगकाम लागतं, आणि पहिली फ्रेम विकली जाण्याआधी वेल्डरचा पगार द्यावा लागतो. सगळा खर्च आधी, सगळी आवक नंतर. वर्गणी हा क्रम उलटा करते.

किकस्टार्टर 2009 मध्ये सुरू झालं. त्याचा कारभार साधा आणि निष्ठुर आहे. रक्कम आधी जाहीर करायची, मुदत ठरवायची, जास्तीत जास्त 60 दिवस. मुदतीत रक्कम जमली तर पैसे मिळतात, एक डॉलर जरी कमी पडला तरी काहीच मिळत नाही आणि देणाऱ्याच्या खिशातूनही काही जात नाही. यशस्वी झालात तर 5 टक्के किकस्टार्टरचे, वर पैसे हस्तांतराचा खर्च वेगळा.

पण ज्या गोष्टीवर लोक हमखास गफलत करतात ती अशी: हे पैसे देणारा गिऱ्हाईक नसतो आणि भागीदारही नसतो. कंपनी उद्या मोठी झाली तर त्याला नफ्यातला छदामही मिळणार नाही. बुडाली तर दुकानदाराकडे जसे पैसे परत मागता येतात, तसे सहजासहजी मागता येणार नाहीत. त्याच्या हाती असतो एक शब्द: "बनवीन आणि पाठवीन." पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ईथन मॉलिक यांनी 2015 मध्ये किकस्टार्टरवरच्या सर्व प्रकारच्या यशस्वी प्रकल्पांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे 9 टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. उशीर किती जणांनी केला ते तर विचारूच नका.

इतकं असूनही लोक पैसे देतात. फॅट चान्सच्या बाबतीत मला त्याचं नवल वाटत नाही. मेलेल्या ब्रँडचं नाव विकत घेऊन कुठल्याही आयत्या फ्रेमवर त्याचं स्टिकर चिकटवता येतं, आणि सायकलीच्या धंद्यात हे बऱ्याचदा झालेलं आहे. इथे मागणारा हात त्याच माणसाचा होता. तीन तुकड्यांपैकी दोन, नाव आणि माणूस, पुन्हा एका जागी आले होते. तिसरा तुकडा येणार नव्हता. त्या हातांनी वीस वर्षांत स्वतःचं वेगळं नाव कमावलं होतं, आणि इंडिपेंडंट फॅब्रिकेशन तोवर सॉमरव्हिल सोडून न्यू हॅम्पशरमध्ये गेली होती.

(दृश्य: दोन फ्रेम शेजारी शेजारी, एक जुनी, एक नवी.)

नव्या यो एडी बनल्या आणि लोकांपर्यंत पोचल्या. स्टीलच्याच. पण तीच सायकल परत आली का?

जुनी यो एडी 26 इंची चाकांवर चालायची, नवी 27.5 आणि 29 इंची चाकांसाठी आली. त्या काळी माउंटन बाइकच्या पुढच्या नळीचा कोन साधारण 71 अंश असायचा. आता तो कितीतरी कललेला असतो, म्हणून पुढचं चाक लांब जातं आणि तीव्र उतारावर स्वार हँडलवरून उडत नाही. रिमला घासणाऱ्या ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक आले. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी तेव्हा 135 मिलिमीटर होती. आज 142 किंवा 148. जुन्याची हुबेहूब प्रत काढली असती तर तिला लावायला आजचा फोर्क मिळाला नसता, आणि आजच्या वाटांवर ती म्हातारी वाटली असती. चान्स यांनी प्रत काढली नाही. माझ्या मते ते योग्यच झालं, पण जुन्या मालकांपैकी प्रत्येकाला ते पटलं असेल असं मी म्हणणार नाही.

(दृश्य: जंगलातली वाट. पोपटी रंगाची एक जुनी सायकल झाडांमधून जाते. फ्रीव्हीलची टिकटिक.)

या जुन्या सायकलीची फ्रेम अजून पंचवीस वर्षं सहज टिकेल. स्टील आहे, गंज लागू दिला नाही तर कुरकुर करत नाही. अडचण टायरची आहे. 26 इंची चांगला टायर आता शोधावा लागतो, आणि दरवर्षी थोडा जास्त शोधावा लागतो. कुणीतरी त्याच्यासाठीही एकदा वर्गणी काढायला हवी.