चवीचा बातमीदार

(दृश्य : पॅरिसमधलं एक जुनं रेस्टॉरंट. कोपऱ्यातलं टेबल. त्यावरच्या भिंतीवर एक छोटी पाटी.)

१९५२ साल. एका पत्रकाराचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता. ८० रेस्टॉरंटांनी ठरवलं, प्रत्येकाने आपल्याकडचं एक टेबल या माणसाच्या नावावर करायचं. तशी पाटी लावायची. त्याने केव्हाही यावं, बसावं, जेवावं. पाटीवर नाव होतं मोरिस-एदमों साय्यां. आणि त्याच्यापुढे दुसरं नाव, ज्या नावाने सारा फ्रान्स त्यांना ओळखायचा : क्युरनोन्स्की.

(दृश्य : ल्वार नदीचं खोरं. आँजे शहर, दगडी पूल, सकाळचा बाजार.)

मोरिसचा जन्म १२ ऑक्टोबर १८७२ चा, पश्चिम फ्रान्समधल्या आँजे शहरातला. जन्मतःच आई गेली. आजीने वाढवलं. आणि आजीच्या घरात एक स्वयंपाकीण होती, तिच्या हाताला चव होती. या प्रांतात नदीच्या माशाबरोबर एक पांढरं सॉस करतात. बारीक चिरलेले छोटे कांदे, व्हिनेगर आणि मंद आचेवर घुसळत नेलेलं लोणी. पीठ नाही, मसाल्यांची गर्दी नाही. लोणी जरा जास्त तापलं की सगळं फाटतं. करणारीचं सगळं लक्ष भांड्यात लागतं. लहानपणी जिभेला असं काही लागलं की पुढे कुणी कितीही थाटात फसवायला आलं, तरी ती फसत नाही. मला वाटतं, या माणसाच्या पुढच्या साऱ्या लिखाणाचं मूळ त्या भांड्यात आहे.

(दृश्य : १८९० च्या दशकातलं पॅरिस. घोडागाड्या, कॅफे, वर्तमानपत्रं विकणारी मुलं.)

शिकायला म्हणून तो पॅरिसला आला आणि वर्तमानपत्रांत रमला. टोपणनाव हवं होतं. तेव्हा फ्रान्स आणि रशियाची नवी मैत्री झाली होती आणि रशियन ते सगळं भारी, असा जमाना होता. विनोदी लेखक आल्फोंस आले यांनी सुचवलं, नावाच्या शेवटी ‘स्की’ का नको? ‘का नको’ला लॅटिनमध्ये म्हणतात ‘कुर नोन’. झालं. कुर नोन स्की. रशियाशी काडीचा संबंध नसलेला माणूस आयुष्यभर रशियन नावाने वावरला.

पोटासाठी त्यांनी पुष्कळ लिहिलं, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्याच्या नावावर. पॅरिसमध्ये विली नावाचे एक लेखक होते. ते तरुणांकडून कादंबऱ्या लिहून घ्यायचे आणि स्वतःच्या नावाने छापायचे. त्यांच्या पत्नी कोलेत याच घरात लिहीत होत्या. पुढे मोठ्या लेखिका झाल्या, पण पहिली पुस्तकं नवऱ्याच्या नावावर गेली. क्युरनोन्स्कीही त्यातलेच एक राबणारे हात.

१९०२ मध्ये कवी पॉल-जाँ तुले या मित्राबरोबर ते हनोईच्या प्रदर्शनाला गेले. अतिपूर्वेचा तो प्रवास त्यांच्या जिभेवर कायमचा राहिला. चिनी स्वयंपाकाला ते जगातल्या थोर स्वयंपाकांत मानायचे. पॅरिसमध्ये बसून त्या काळात असं म्हणायला मोकळं मन लागतं.

(दृश्य : टायरच्या थप्पीचा गुबगुबीत माणूस, जुन्या जाहिराती.)

१९०७ च्या सुमारास मिशलँ (म्हणजे आपण म्हणतो ती मिशेलिन) या टायर कंपनीसाठी ते वर्तमानपत्रात दर सोमवारी सदर लिहू लागले. खाली सही असायची ‘बिबेंडम’, म्हणजे टायरच्या थप्पीचा तो माणूस. पुन्हा दुसऱ्याचंच नाव! पण मोटारीशी जडलेलं हे नातं महत्त्वाचं ठरलं.

तोवर खाण्यावर लिहिणारे बहुतेक सगळे पॅरिसमध्येच बसून लिहीत. आगगाडी जिथे थांबते तिथे मोठी हॉटेलं, आणि सगळीकडे तेच तपकिरी सॉस, पदार्थाची चव झाकणारं. आगगाडी आडवाटेला जात नाही. मोटार जाते. एखाद्या खेड्यात चौकातली खानावळ, आत चुलीपाशी उभी असलेली बाई, आणि तिचा एकच पदार्थ, जो पंचक्रोशीबाहेर कुणाला माहीत नाही. क्युरनोन्स्की तिथे पोचले.

(दृश्य : धुळीचा रस्ता, १९२० च्या दशकातली मोटार, खानावळीचं दार.)

१९२१ पासून मार्सेल रूफ या लेखकमित्राबरोबर त्यांनी प्रांतामागून प्रांत पालथा घातला. ‘ला फ्रांस गास्त्रोनोमिक’ या मालिकेची २८ पुस्तकं १९२८ पर्यंत निघाली. मला या कामातली बातमीदारी फार मोलाची वाटते. कुठलं गाव, कुठली खानावळ, काय शिजतं, कोण शिजवतं. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाची नोंद छापील पानावर येणं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

लामोत-बव्रों या गावी स्टेशनसमोर दोन ताताँ बहिणींचं हॉटेल होतं. सफरचंदं लोण्यासाखरेत खरपूस करायची, वर पिठाची पोळी घालून भाजायची आणि ताटात उलटी करायची. क्युरनोन्स्कींनी १९२६ मध्ये सफरचंदाच्या या गोड पोळीवर लिहिलं, त्या बहिणींच्या नावानिशी. तोवर दोघीही वारल्या होत्या. पदार्थाला नाव मात्र त्यांचंच चिकटलं. आज जगभर ती ‘तार्त ताताँ’ म्हणूनच मागवली जाते.

(दृश्य : ब्रिटनीचा किनारा, ओहोटी, कालवांच्या टोपल्या.)

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं रिएक-सुर-बेलों हे कालवांचं गाव. तिथे मेलानी रुआत नावाची बाई खानावळ चालवायची. भरलेल्या शिंपल्या ही तिची खासियत. क्युरनोन्स्कींच्या लेखणीने लांबलांबून माणसं तिच्या दारी आली. दुसरं महायुद्ध पेटलं, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं, तेव्हा या जाडजूड म्हाताऱ्याला आसरा दिला तो मेलानीनेच. युद्धाचा काळ त्यांनी तिच्या घरी काढला.

(दृश्य : मतपत्रिका, स्वयंपाकघरांतले पांढऱ्या टोप्यांतले आचारी.)

त्याआधी, १९२७ मध्ये, एक अजब निवडणूक झाली होती. खवय्यांचा ‘प्रिन्स’ कोण? मतदार होते स्वयंपाकी, हॉटेलवाले, जाणकार. तीन हजारांवर मतं पडली आणि निम्म्याहून जास्त क्युरनोन्स्कींना मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी खवय्यांची अकादमी काढली, थोर फ्रेंच अकादमीसारखीच ४० आसनांची.

संसदेच्या बाकांप्रमाणे त्यांनी खाणाऱ्यांचेही पक्ष पाडले होते. अति उजवीकडे राजवाडी थाटाचे. मग परंपरावाले, ज्यांना लाकडाची चूल आणि घरातली जुनी स्वयंपाकीणच हवी. मध्ये प्रांतोप्रांतीचं घरगुती जेवण आवडणारे. डावीकडे झटपट ऑम्लेटवर खूश असणारे, आणि अति डावीकडे रोज नवं काही शोधणारे. त्यांच्या लेखी प्रत्येकाला बसायला बाक होता.

पण एका बाबतीत तडजोड नाही. ते म्हणत, वस्तूंना त्यांची स्वतःची चव असते, तेव्हाच तो स्वयंपाक. मार्गारीन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा पदार्थ, विकणाऱ्या एकाने त्यांच्याकडे चार कौतुकाचे शब्द मागितले, तेव्हा त्यांनी लिहून दिलं, ‘लोण्याची जागा कशानेही भरून निघत नाही,’ असं सांगतात.

(दृश्य : पॅरिस, आठव्या विभागातला एक शांत चौक. वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी.)

लग्न केलं नाही. पैसा साठवला नाही. भाड्याच्या छोट्या जागेत राहिले. दिवसाकाठी बहुधा एकच जेवण, तेही बाहेर, आणि मग रात्रभर लिखाण. वजन शंभर किलोच्या बरंच वर. १९४७ मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेले असताना, मादलेन दक्यूर यांच्यासोबत ‘क्विझीन ए व्हँ द फ्रांस’ या मासिकाच्या उभारणीत ते होते.

अखेरीला डॉक्टरांनी पथ्य घातलं. ज्याने जन्मभर जिभेवर विश्वास ठेवला, त्याला मोजून मापून खावं लागलं. अंगातली ताकद गेली. २२ जुलै १९५६. ते खिडकीशी उभे होते. बाहेर वाकले आणि तोल गेला.

वय ८३.

(दृश्य : पुन्हा कोपऱ्यातलं तेच टेबल. दुपारच्या जेवणाची वेळ. कुणीतरी पाव आणि लोणी आणून ठेवतं.)